हवं तेवढंच ऐकू येतं?

"डॉक्टर, आमच्या अण्णांना हवं ते बरोबर ऐकू येतं बघा!"

घरातल्या वृद्धांना घेऊन दवाखान्यात येणाऱ्या मंडळींकडून, त्यातही सुनांकडून, हे वाक्य आम्हा डॉक्टर लोकांना नेहमी ऐकायला मिळते. तक्रार साधारण ठरलेली असते. मुलगा बोलला की ऐकू येते, सून बोलली की नाही. पैशाचा विषय निघाला की कान टवकारतात, पण "गोळी घेतली का?" म्हटले की "आँ?" हळू बोलावे तर कळत नाही आणि आवाज चढवावा तर "ओरडतेस कशाला? मी काय बहिरा आहे?" म्हणून अंगावर येतात. मग माणसाने बोलायचे तरी कसे?

ही तक्रार खोटी नसते. तिच्यातला प्रत्येक तपशील मी खरा मानतो. फक्त त्यावरून जो निष्कर्ष काढला जातो, की म्हातारा लबाड आहे, सोंग करतो, तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. किंबहुना ही तक्रार म्हणजे वयपरत्वे येणाऱ्या बहिरेपणाचे पुस्तकात शोभावे असे वर्णन आहे. सूनबाईंना ठाऊक नसते, पण त्यांनी निदान करूनच आणलेले असते.

हे कसे, ते थोडे सविस्तर सांगतो.

कानाच्या आतल्या भागात गोगलगाईच्या शंखासारखी वेटोळी असलेली एक लहानशी पोकळी असते. तिच्यात अतिशय सूक्ष्म केस असलेल्या पेशी ओळीने बसवलेल्या असतात. प्रत्येक कानात त्यांची संख्या सुमारे पंधरा हजार. बाहेरचा आवाज पडद्यावरून आणि तीन चिमुकल्या हाडांवरून या शंखात पोचला की या पेशी हलतात आणि मेंदूकडे निरोप जातो. जन्मतः मिळालेल्या या पेशींवरच आयुष्य काढायचे असते. कातडी भरून येते, हाड सांधते, पण माणसाच्या कानातली केसपेशी एकदा गेली की पुन्हा उगवत नाही.

आता गंमत पाहा. शंखाच्या तोंडाशी बसलेल्या पेशी बारीक, चिरक्या, उंच पट्टीच्या आवाजांसाठी असतात आणि आत टोकाशी असलेल्या पेशी जाड, खर्जातल्या आवाजांसाठी. वयोमानाने झीज सुरू होते ती तोंडाकडून. म्हणजे उंच पट्टी आधी जाते, खर्ज शेवटपर्यंत टिकतो. मुलाचा आवाज जाड, सुनेचा बारीक, नातवंडाचा त्याहून बारीक. अण्णांना मुलाचे ऐकू येते, सुनेचे अर्धेमुर्धे येते आणि नातवाचे जवळजवळ येतच नाही. यात सुनेवर राग नाही आणि मुलावर माया नाही. पेशी कुठल्या उरल्या आहेत, एवढाच प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट आपल्या भाषेची. आपण बोलतो त्यातले स्वर, म्हणजे आ, ई, ओ वगैरे, खालच्या पट्टीतले आणि जोरकस असतात. स, श, च, ट, त, ख, फ ही व्यंजने मात्र उंच पट्टीतली आणि दुबळी. म्हाताऱ्या कानाला स्वर ऐकू येतात आणि व्यंजने गळतात. आपले आकडेच घ्या. चार, पाच, सात, आठ. चारही आकड्यांत स्वर एकच, 'आ'. फरक आहे तो व्यंजनांचा. ती गळली की चारही आकडे एकसारखे. "सात वाजता येतो" म्हणून सांगितलेला मुलगा वडिलांच्या हिशेबी आठलाही येऊ शकतो आणि पाचलाही. म्हणूनच वृद्ध माणसे "मला आवाज येतो, पण शब्द कळत नाही" असे म्हणतात. हे वाक्य कोणाच्या तोंडून ऐकलेत तर ते वायफळ समजू नका. यापेक्षा अचूक वर्णन मलाही करता येणार नाही.

आणि ओरडल्यावर राग का? याचेही उत्तर त्या शंखातच आहे. या आजारात बारीक आवाज पोचत नाही, पण मोठा आवाज मात्र एकदम अंगावर येतो. चांगल्या कानात कुजबुज आणि आरडाओरडा यांच्यामध्ये ऐसपैस जागा असते. थकलेल्या कानात ती जागा आकसते. थोडे कमी झाले की ऐकू येत नाही, थोडे जास्त झाले की कान फाटतो. सूनबाई आवाज चढवते तेव्हा तिच्या लेखी ती थोडेसेच मोठ्याने बोलते. सासऱ्यांच्या कानात ती खरोखरच किंचाळत असते.

राहिला पैशाचा विषय. जेवढे शब्द कानातून निसटतात तेवढे मेंदू अंदाजाने भरून काढतो. ओळखीचा विषय असला, चेहरा समोर असला, खोलीत शांतता असली, की अंदाज बरोबर येतो. स्वयंपाकघरातून, पाठमोरे उभे राहून, नळ चालू असताना विचारलेला अनपेक्षित प्रश्न मेंदूला जुळवता येत नाही. हे जुळवाजुळवीचे काम दिवसभर चालू असते आणि त्याने माणूस थकतो. सकाळी बरे ऐकणारे आजोबा संध्याकाळी पार बहिरे का वाटतात, तर त्यामुळे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे साठीपुढच्या माणसांत चारांत एकापेक्षा जास्त जणांना व्यवहारात अडचण यावी इतका श्रवणदोष असतो. आपल्या देशात 2011 च्या जनगणनेत साठ वर्षांवरील लोक सुमारे दहा कोटी अडतीस लाख होते, आणि त्यानंतर त्यांची संख्या वाढतच गेली आहे. आकड्यांचा पसारा इथे मांडत नाही. आपल्या गल्लीतली म्हातारी माणसे बोटांवर मोजा, चाराने भागा, म्हणजे प्रश्न किती जवळचा आहे ते कळेल.

मला जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. ऐकू न येणारी माणसे "ऐकू आले नाही" असे म्हणत नाहीत. ती "हो" म्हणतात.

एकदा विचारतात, दुसऱ्यांदा विचारतात, तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटते. समोरच्याच्या कपाळावर आठी दिसते. मग मान डोलवायची आणि हसायचे. "छातीत दुखतं का?" हो. "दम लागतो का?" हो. "कालच्या गोळ्या संपल्या का?" हो. अशा तीन 'हो' वर विश्वास ठेवून कोणी इलाज सुरू केला तर काय होईल, ते वाचकांनीच ठरवावे. "जेवणाआधी" आणि "जेवणानंतर" या शब्दांची सुरुवात सारखी आहे आणि पुढचा भाग ऐकू येण्याआधीच मान हलते. मधुमेहाच्या रुग्णाला हा फरक महागात पडू शकतो. म्हणून साठीपुढच्या रुग्णाला मी औषध कसे घ्यायचे ते उलट सांगायला लावतो. "आजोबा, आता तुम्ही मला सांगा, ही पांढरी गोळी कधी घ्यायची?" दोन मिनिटे जास्त जातात. बाहेर बसलेले रुग्ण कुरकुरतात. कुरकुरू द्यावे.

दवाखान्यात ही गत, तर बँकेच्या खिडकीत काच आड असताना काय होत असेल? तलाठी कार्यालयात, मुद्रांकाच्या कागदावर सही करताना, "मान्य आहे ना, आजी?" या प्रश्नाला दिलेल्या 'हो' ला किती अर्थ असतो? कागद वाचून दाखवला, असे सगळेच सांगतात. कोणत्या आवाजात, कोणत्या गोंगाटात आणि समोरच्याला त्यातले काय कळले, हे कोणी विचारत नाही. म्हातारपणी झालेल्या जमिनीच्या वाटण्यांमधून पुढे जे तंटे उभे राहतात, त्यांत या 'हो' चा वाटा नक्की असणार, असे माझे मत आहे.

मग माणूस हळूहळू एकेक जागा सोडतो. आधी लग्नकार्ये सुटतात, कारण मंगल कार्यालयाच्या गोंगाटात शेजारचा काय बोलतो ते कळत नाही. मग पारावरच्या गप्पा सुटतात. सगळे हसले की आपणही हसायचे, पण कशाला हसलो ते ठाऊक नाही, हे किती दिवस चालणार? कीर्तनाला नेमाने जाणारे एक गृहस्थ मला म्हणाले, "टाळ-मृदंग अगदी छान ऐकू येतात हो, पण बुवा काय सांगतात ते कळत नाही. नुसता ठेका ऐकायला किती दिवस जायचं?" त्यांनी जाणे थांबवले. घरच्यांनी अर्थ लावला की बाबांचा देवधर्मातला रस उडाला, वय झाले. रस उडाला नव्हता. तो बाहेर ठेवला गेला होता.

याच्या पुढची पायरी जास्त वाईट. बहात्तर वर्षांच्या एका आजींना त्यांच्या घरच्यांनी "डोक्यावर परिणाम झालाय" म्हणून आणले होते. विचारावे एक, सांगतात भलतेच. स्वतःशीच बसून असतात. माणसे आली की उठून आत जातात. झोपेची गोळी कायमची सुरू करावी का, असा घरच्यांचा प्रश्न होता. कान साफ होते, पडदेही ठीक होते. अशा वेळी एक जुनी युक्ती आहे, ती आमच्या शिक्षकांनी शिकवलेली. माझा स्टेथोस्कोप मी आजींच्या कानांना लावला आणि छातीवर ठेवायच्या चकतीत साध्या आवाजात बोललो. आजींनी वार सांगितला, तिथी सांगितली, तिन्ही मुलांची वये सांगितली, तुरीच्या डाळीचा भाव सांगितला आणि घरात कोण कोण त्यांना वेडी म्हणते तेही सांगितले. शेवटचा भाग ऐकताना खोलीत बरीच शांतता पसरली. पुढे जिल्ह्याच्या गावी कानाची तपासणी झाली, मशीन बसले. सगळे आलबेल झाले असे मी म्हणणार नाही. मशीन लागल्यावर त्यांची पहिली तक्रार कुकरच्या शिट्टीबद्दल होती आणि दुसरी सुनेबद्दल. पण झोपेच्या गोळीचा विषय पुन्हा निघाला नाही.

आता हेही सांगितले पाहिजे की खरा स्मृतिभ्रंशही असतो, आणि कमी ऐकू येणे व स्मृतिभ्रंश यांचा संबंध आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने 2024 च्या अहवालात स्मृतिभ्रंशाची जी 14 टाळता येण्याजोगी कारणे सांगितली, त्यांत श्रवणदोष आहे. मग कानाला मशीन लावले की स्मृतिभ्रंश टळतो का? काही जाहिराती तसे सुचवतात. अमेरिकेत 70 ते 84 वयाच्या सुमारे एक हजार लोकांवर तीन वर्षे चाललेल्या एका चाचणीचे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले. सर्वांचा एकत्र विचार करता मशीनवाल्यांत आणि बिगर-मशीनवाल्यांत बुद्धीच्या घसरणीत ठळक फरक दिसला नाही. ज्यांना मुळात धोका अधिक होता, त्यांच्यात मात्र घसरणीचा वेग जवळजवळ निम्म्यावर आला. तेव्हा एवढ्यावरून स्मृतिभ्रंश टळण्याची हमी कोणी देऊ नये आणि घेऊही नये. पण समोरचा काय बोलतो ते कळावे, एवढे कारण मशीन घ्यायला पुरेसे नाही का? चष्मा घेताना आपण त्याने आणखी कुठला आजार टळेल असे विचारत नाही.

चष्म्याचा विषय निघालाच आहे तर बोलून टाकतो. चाळिशी लागली की माणूस बिनदिक्कत चष्मा लावतो. लोक त्याला विद्वान समजतात. मोतीबिंदूचे शिबिर असले की गावात कमानी लागतात, पुढारी येतात, फोटो निघतात. कानाच्या वाट्याला मात्र थट्टा. आपल्या नाटकांत आणि तमाशात बहिरा म्हातारा आला की हशा ठरलेला. आंधळ्याला कोणी हसत नाही, बहिऱ्याला सगळे हसतात. देशात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1976 साली सुरू झाला. बहिरेपणासाठीचा तसा कार्यक्रम यायला 2006-07 उजाडले. तीस वर्षांचे अंतर! सरकारला दोष देणे सोपे आहे, पण आपल्या घरातही हेच अंतर असते. डोळे लगेच तपासले जातात आणि कान पाच-सात वर्षे तसेच राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या अहवालानुसार जगात ज्यांना मशीनचा उपयोग होईल अशा शंभरांपैकी जेमतेम सतराजण ते वापरतात.

कोरोनाच्या काळात, म्हणजे 2020 आणि 2021 मध्ये, एक चमत्कारिक गोष्ट घडली. सगळ्यांच्या तोंडावर मास्क आले आणि कित्येक ज्येष्ठ मंडळी "अचानक ऐकू येईनासे झाले" म्हणून तक्रार करू लागली. कान अचानक गेले नव्हते. इतकी वर्षे ही माणसे न कळत समोरच्याचे ओठ वाचत होती. ओठ झाकले गेले आणि उघड झाले. मास्क उतरले तशी ती मंडळी पुन्हा "आता ठीक आहे" म्हणून घरी बसली, हे मात्र बरे झाले नाही.

कारणांविषयी थोडक्यात. वय हे एक कारण, पण एकटे नव्हे. आयुष्यभर गोंगाटात काम केलेल्यांचे कान लवकर जातात. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीच्या मागावर तीस वर्षे काढलेल्या विणकराला विचारून पाहा. साधा नियम असा, की हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागत असेल तर तिथला गोंगाट कानाला घातक आहे. पिठाची गिरणी, डिझेल इंजिन, वेल्डिंगचे दुकान आणि मिरवणुकीतला डीजे या सगळ्यांना हा नियम लागू. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालापासून आहेत. ते पाळायला कोणी सांगितले की तो धर्मद्रोही ठरतो, म्हणून त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही. मधुमेहाने कान लवकर थकतात. काही औषधेही कानाला घातक असतात. क्षयरोगासाठी एके काळी सर्रास दिली जाणारी स्ट्रेप्टोमायसीनची इंजेक्शने किंवा जेंटामायसीन घेतलेल्यांनी ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

कधी कधी कारण अगदी साधे, म्हणजे मळ, असते. कान तपासून मळ काढला आणि आजोबांना भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली, असे होते. म्हणून पहिले काम कानात डोकावून पाहण्याचे. पण ते डॉक्टरला करू द्या. कोमट तेल, लसणाची पाकळी, डोक्याचा आकडा, काडेपेटीतली काडी, मोटारसायकलची किल्ली, या सर्वांचा कानात प्रवेश झालेला मी पाहिला आहे. त्याने मळ आत ढकलला जातो, पडदा फाटतो आणि पावसाळ्यात कानात बुरशी होते, ते वेगळेच.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवाच. रात्री ठीक झोपलेल्या माणसाला सकाळी उठल्यावर एका कानाने एकदम ऐकू येईनासे झाले, तर तो वयाचा बहिरेपणा नव्हे. "सर्दीने कान बसला असेल" म्हणून आठवडा घालवू नका. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. औषधाने सुधारणा होण्याची संधी पहिल्या काही दिवसांतच असते.

वयाच्या बहिरेपणावर औषध नाही. गोळी नाही, थेंब नाहीत, टॉनिक नाही. जो विकतो त्याच्याकडून घेऊ नका. आहे ते मशीन. आणि मशीनविषयी आपल्याकडे जो गैरसमज आहे, तो वाटणाऱ्यांनी आणि विकणाऱ्यांनी मिळून वाढवला आहे. शिबिरात रांग लावून सगळ्यांना एकसारखी डबी वाटायची, हार घालायचा, फोटो काढायचा. आजोबा घरी जातात, मशीन लावतात, सगळा गोंगाट एकदम मोठा होतो, शब्द तेवढेच अस्पष्ट राहतात, कानात शिट्टी वाजते. चार दिवसांत मशीन पेटीत. आणि गावभर प्रचार, "मशीनचा काही उपयोग नसतो." ज्याच्या कानाचा आलेख न काढता मशीन दिले जाते, त्याला दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा दिल्यासारखे आहे. कोणत्या पट्टीत किती उणीव आहे ते तपासून तेवढेच आवाज तेवढेच वाढवावे लागतात. आजच्या डिजिटल मशीनला ते जमते, पण जमवून देणारा श्रवणतज्ज्ञ लागतो, आणि एकदा नव्हे, सुरुवातीला तीन-चार वेळा.

खरी अडचण इथेच आहे. तपासणी जिल्ह्याच्या गावी होते. सत्तरीच्या माणसाने एस.टी. बदलत चार खेपा घालायच्या, सोबत मुलाने रजा काढायची, हे होत नाही. मोफत मशीन देणाऱ्या योजना आहेत. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना 2017 साली आली. राज्य सरकारने 2024 मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली, तिच्यात पासष्टीपुढच्या आणि दोन लाखांच्या आत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना उपकरणांसाठी एकरकमी तीन हजार रुपये खात्यात जमा करण्याची तरतूद झाली. हेतू चांगलाच आहे. पण तीन हजारांत चष्मा होतो, काठी होते. दोन्ही कानांना मापाने बसवलेले मशीन होत नाही. अपंगत्वाच्या दाखल्याचे पाहावे तर 2016 च्या कायद्यात 'ऐकू कमी येणे' याची व्याख्या दोन्ही कानांत 60 डेसिबलपासून सुरू होते. वयाने थकलेले बहुतेक कान चाळीस-पन्नासच्या घरात असतात. म्हणजे माणूस कागदोपत्री ऐकतो आणि घरात ऐकत नाही.

माझे स्पष्ट मत असे आहे, की मशीन वाटण्यापेक्षा माणूस पाठवा. प्रत्येक तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात महिन्यातून दोन ठरलेले दिवस श्रवणतज्ज्ञ बसला, त्याने आलेख काढला, मशीन जुळवले, बिघडलेले पाहिले आणि सेल कसा बदलायचा ते शिकवले, तर पेटीत पडलेली निम्मी मशीने पुन्हा कानाला लागतील. ज्येष्ठ नागरिक संघ दरवर्षी सहल काढतात. या मागणीचे निवेदनही त्यांनी एकदा जिल्हाधिकाऱ्यांना द्यावे. 3 मार्चला जागतिक श्रवण दिन असतो, मुहूर्तही सापडेल.

तोवर घरच्यांनी करण्यासारखे बरेच आहे आणि त्याला खर्च नाही. बोलण्याआधी नाव घेऊन हाक मारा, त्यांनी पाहिले की मग बोला. समोर बसा, उजेड तुमच्या तोंडावर पडू द्या. टीव्ही बंद करा, आवाज कमी करून भागत नाही. ओरडू नका, सावकाश बोला आणि आवाज थोडा जाड ठेवा. एक वाक्य दोनदा कळले नाही तर तेच तिसऱ्यांदा ओरडू नका, शब्द बदला. आकडा सांगायचा असेल तर बोटे दाखवा. आणि कृपा करून "काही नाही, जाऊ दे" म्हणू नका. काय बोललात ते कळले नाही याचे म्हाताऱ्या माणसाला वाईट वाटते, पण आपल्याला सांगण्याच्या लायकीचे नाही असे ठरवले गेले, याचे त्याहून जास्त वाटते.

मशीन घ्यायचे ठरले तर आणखी एक सूचना. नवे मशीन पहिल्या दिवशी दिवसभर लावू नये. आधी घरात, शांत खोलीत, एका माणसाशी बोलताना तासभर, मग हळूहळू वाढवावे. कित्येक वर्षे न ऐकलेले पंखा, भांडी, स्वतःच्याच चपला, हे सगळे आवाज मेंदूला पुन्हा ओळखीचे व्हायला महिना-दीड महिना लागतो. आणि जुळवायला जाताना बरोबर मुलगा जातो, ती पद्धत बदला. त्याचे तर मशीनशिवायही ऐकू येत होते. सुनेला न्या, शक्य असेल तर नातवालाही न्या. श्रवणतज्ज्ञासमोर त्यांना बोलायला सांगा, आणि त्यांचे बोलणे कळेपर्यंत खुर्चीवरून उठू नका.